कासोळ्यांचं दार

धामणगढीला आता गढी उरलेली नाही, नुसतं दार उरलंय. तिसगावकडून गावात शिरताना उजव्या हाताला एक टेकाड लागतं. त्यावर दोन दगडी बुरुजांचे खुंट आणि मधोमध खिळे मारलेलं सागवानी दार. दाराच्या दोन्ही अंगांना पूर्वी मातीची भिंत होती. पण माळवदावर टाकायला गढीच्या पांढऱ्या मातीसारखी माती नाही, पाणी म्हणून गळू देत नाही. तेव्हा गावानं पिढ्यान्‌पिढ्या ती भिंत पाट्यापाट्यांनी आपापल्या घरांवर वाहून नेली. आता शेळ्या दाराला वळसा घालून आत जातात आणि वळसा घालूनच बाहेर येतात. माणसंही तसंच करतात.

चैत्रात नाथाच्या यात्रेला पालखी मात्र वळसा घालत नाही. वर्षभर बंद असलेल्या त्या दारासमोर ती थांबते. हलगी थांबते. पालखीपुढचा मानकरी हाक देतो, "कोन आत?"

आतून उत्तर येतं, "कासोळे."

"दार कुनासाठी?"

"धन्यासाठी."

मग आतली आडवी आगळ सरकते, दार करकरत उघडतं आणि पालखी आतल्या नाथाच्या ठाण्याकडे जाते. संध्याकाळी ती परतली की दार लावून आगळ घालायची, तीही कासोळ्यांनीच. दाराला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही.

आतून उत्तर देणारा तो आवाज बरीच वर्षं पुंजाराम कासोळ्यांचा होता.

पुंजाराम म्हणजे गावात असून नसल्यासारखा माणूस. चार एकर कोरडवाहू, बाजरी आणि तूर. तरुणपणी काही हंगाम ऊसतोडीला गेले, कोयता चांगला चालायचा, पण मुकादमाशी बोलायची वेळ आली की दुसऱ्याला पुढं करायचे. ग्रामसभेत चपलांजवळ बसायचे. सोयरिकीच्या बैठकीत त्यांची बाजू बायकोनं, बनुबाईनं, आतल्या खोलीतून मांडायची. "यांच्या तोंडाला नाथानंच आगळ घातलीय," असं ती म्हणायची. पण यात्रेच्या दिवशी हाच माणूस दाराआड उभा राहून आपलं आडनाव असं खणखणीत उच्चारायचा की टेकाडाखालच्या बायकांना ऐकू जायचं. वर्षातून तेवढे दोन शब्द. ते बोलून झाले की पुढं वर्षभर न बोलता राहायला त्यांना काही अडचण वाटायची नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी नगरचे एक निवृत्त प्राध्यापक, रामहरी वैजापुरे, शबनम पिशवी आणि कॅमेरा घेऊन गावात आले. त्यांना गढीवर कादंबरी लिहायची होती. गावानं त्यांना पुंजारामांकडं धाडलं. बनुबाईनं हुलग्याची शेंगोळी केली. सर दोनदा मागून जेवले आणि विचारत राहिले. असं मन लावून पुंजारामांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आज्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. गढीला वेढा पडला तेव्हा धनी बाहेर अडकला होता. कासोळ्यांच्या मूळपुरुषानं दार लावून धरलं. बाहेरून शत्रूनं धन्याच्या नावानं हाका मारल्या, तो फसला नाही. अखेर खरा धनी आला तेव्हा आवाज ओळखून त्यानं आगळ काढली. म्हणून हा मान.

"मग गढी पडली कशी?" सरांनी विचारलं.

पुंजाराम घुटमळले. "ते काय आज्यानं सांगितलं न्हाई."

सरांना दार उघडताना बघायचं होतं. पुंजारामांनी भर दुपारी, यात्रा नसताना, आगळ काढून दाखवली. बाहेरची हाकही स्वतःच दिली आणि आतलं उत्तरही. सरांनी फोटो काढले. बनुबाईला ते आवडलं नाही. "बिनयात्रेचं दार उघडू नये," एवढंच ती म्हणाली.

दोन वर्षांनी पोस्टानं जाडजूड पुस्तक आलं, 'राखेतली गढी'. पहिल्या पानावर सरांच्या हातचं, 'पुंजाराम कासोळे यांस, ज्यांनी मला दार उघडून दिले.' पुंजारामांना अक्षरं जोडून वाचता येत होतं, पण पाचशे पानं म्हणजे काही पत्रिका नव्हे. त्यांनी पुस्तक चाळलं, कासोळे हे नाव आत खूप ठिकाणी दिसलं, डोळे भरून आले. बनुबाईनं हळदकुंकू लावलं आणि पुस्तक देव्हाऱ्यात नाथाच्या टाकाशेजारी ठेवलं. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल पडायचं. पाहुणा आला की पुंजाराम देव्हाऱ्याकडं बोट करायचे. आत काय आहे ते घरात कुणी वाचलं नाही. देव्हाऱ्यातलं पुस्तक वाचायचं असतं, हे कुणाच्या मनात आलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका शाळेच्या संमेलनात त्या कादंबरीतला एक प्रवेश बसवला. कुणीतरी त्याचं मोबाईलवर चित्रण केलं आणि ते आठ दिवसांत धामणगढीच्या घराघरांत पोचलं. पाच मिनिटांचा प्रवेश. रात्रीचा देखावा, पुठ्ठ्याचं दार. बाहेरून शत्रूचा सरदार विचारतो, "कोण आत?" आतून उत्तर, "कासोळे." सरदार मोहरांची थैली उंचावतो. दार उघडतं. पडद्यामागं किंकाळ्या.

पुंजारामांना ते कळलं तिसगावच्या बाजारात. सहादेव म्हणून एक जुना मुकादम होता, जिभेचा सैल. तुरीच्या पोत्यावर बसल्याबसल्या म्हणाला, "या बापू, या. थैली आनली का मोकळंच?"

पुंजाराम हसले. सहादेव काहीबाही बोलतो, त्यावर हसायचं असतं, एवढं त्यांना माहीत होतं. मग त्यानं मोबाईल पुढं धरला. पुंजारामांनी दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज लहान करायला सांगितला.

घरी येऊन त्यांनी पुस्तक देव्हाऱ्यातून काढलं आणि सुनेपुढं ठेवलं. मुलगा अंगद केडगावला टेम्पो चालवायचा, तिथंच राहायचा. त्याची बायको मोनिका बारावी झालेली, तूर मोडणीसाठी त्या दिवसांत गावी आली होती. तिनं पानं उलटली, ते प्रकरण सापडलं, मनातल्या मनात थोडं वाचलं आणि म्हणाली, "राहू द्या ना मामा."

"वाच."

तिनं वाचलं. चांगलं लिहिलेलं होतं, हेच वाईट. दाराचा करकर आवाज होता, आगळीवरचा तो गुळगुळीत खळगाही होता, जिथं पिढ्यांचे तळवे टेकलेत आणि जो पुंजारामांनीच बोट ठेवून दाखवला होता. शत्रूचा हेर कासोळ्याच्या घरी येतो, तेव्हा कासोळ्याची बायको त्याला चुलीपुढं बसवून हुलग्याची शेंगोळी वाढते.

बनुबाई सुपातलं धान्य पाखडत होती. सूप थांबलं. "माझी शेंगोळी बी घातली त्यानं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

फाल्गुनात यात्रा समितीची बैठक मंदिरात बसली. ऊसतोडीला गेलेली माणसं परतत होती, मंदिर भरलं होतं. समितीचा अध्यक्ष गोरक्ष, पुंजारामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यालाच पालखीपुढं हाक द्यायचा मान. म्हणजे कित्येक वर्षं दाराच्या दोन बाजूंना हे दोघं उभे राहत आलेले. त्यानं वर्गणी, मांडव, पाण्याचा टँकर असे सगळे विषय आधी काढले. शेवटी खाली बघत म्हणाला, "दाराचं काय करायचं, ते एकदा बोलून घेऊ."

"काय करायचं म्हंजी?" चपलांजवळून पुंजाराम म्हणाले.

"बापू, माझं काय न्हाई. पोरं म्हनत्यात."

पोरं खरंच म्हणत होती. ज्यानं गढी बुडवली त्याला मान कसला? एकजण म्हणाला, कादंबरी आहे ती, रचलेली गोष्ट. त्यावर दुसरा म्हणाला, "प्राध्यापक मानूस हाय. इतकी वर्सं कागदं चाळून लिवलंय. रचायचं तर कुनाचंबी नाव घातलं असतं, कासोळ्याचंच का घातलं?" सहादेव म्हणाला, "आन् हे तर पुस्तक देवात पुजित्यात. खोटं असतं तर पुजलं असतं व्हय?"

हसू उसळलं. गोरक्ष हसला नाही. बराच वेळ वादावादी होऊन ठरलं ते असं: सरांनीच लिहिलंय, सरांनीच लिहून द्यावं की कासोळ्यानं गढी बुडवली हे खोटं आहे. मग मान कासोळ्यांकडंच. कुणाची हरकत नाही.

पुंजारामांना ते सोपं वाटलं. सर भला माणूस होता.

अंगदनं त्यांना टेम्पोत घालून नगरला नेलं. सर आता बरेच थकले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. तरी आवाजावरून ओळखलं. "या या, पुंजारामजी. वहिनींच्या हातची शेंगोळी अजून आठवते."

"आमीबी वाचली ती," अंगद म्हणाला. "पान सांगू का?"

सर गोंधळले. मग अंगदनं सगळं सांगितलं. पुंजाराम खुर्चीच्या कडेवर बसून होते. सरांनी ऐकताना दोनदा चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल," ते हळूच म्हणाले. "एवढ्या मोठ्या पुस्तकात तुमचं नाव. आणि माझा कासोळे वाईट माणूस नाही हो. त्याचं लेकरू तापानं फणफणलेलं असतं, गढीतलं पाणी संपलेलं. तो थैलीकडं बघतही नाही. ते प्रकरण लिहिताना मी रडलोय."

"सर, गाव मोबाईलवर बघतंय," अंगद म्हणाला. "त्यात लेकरू न्हाई. थैली हाय."

सरांनी पुस्तक मागवून पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. कादंबरीतील पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, असं बारीक अक्षरात छापलं होतं. "हे मी लिहिलेलंच आहे."

"धामनगढी काल्पनिक हाय का?" अंगदनं विचारलं.

"नाही."

"दार?"

"दारही आहे."

"मग कासोळेच तेवढा कसा काल्पनिक?"

सरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. एका जुन्या कागदात गढीबद्दल एकच ओळ आहे: दार आतून उघडले, गढी गेली. कुणी उघडले ते नाही. "इतिहासवाला तिथं थांबतो. मला थांबता येत नाही. दार उघडायचं तर हात लागतो, हाताला माणूस लागतो, माणसाला नाव लागतं. तुम्ही म्हणाला होतात, दाराला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. तेच माझ्या डोक्यात बसलं."

आता पुंजाराम बोलले. "मी मानाचं सांगितलं हुतं, सर."

"हो. मानाचंच सांगितलंत."

अंगदनं कागद पुढं केला. नुसतं एवढं लिहा, कासोळ्यानं उघडलं हे खोटं आहे. सरांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि तसेच बसून राहिले. "हे मला लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "खोटं आहे याला पुरावा नाही. खरं आहे यालाही नाही. मला ठाऊक नाही, एवढंच लिहून देऊ शकतो. उद्या कुणी अभ्यासकानं विचारलं तर माझ्या सहीचा कागद आहे तो."

"पुस्तकावर तुमचं नाव न्हाई का?" अंगदनं विचारलं.

"ती कादंबरी आहे, अंगदराव."

सरांचा चेहरा उतरला होता. ते काही लबाड माणूस नव्हते. निघताना त्यांनी पुंजारामांचा हात धरला. "नवी आवृत्ती निघणार आहे. नाव बदलतो. तुम्हीच सांगा, कोणतं घालू?"

पुंजाराम उंबऱ्यात थांबले. मनात पहिलं नाव आलं ते सहादेवच्या आडनावाचं, आणि त्यामागोमाग सहादेवची आई, जिनं अंगदच्या जन्मावेळी बनुबाईला सावरलं होतं. दुसरं आलं गोरक्षाचं. तिसरं एक आलं, त्या घरात आता एकटी म्हातारी भागूबाई राहते. तिचं नाव सोडवायला कोण जाणार नगरला?

"गावात नसलेलं कुठलंबी घाला," अंगद म्हणाला.

"कुठल्यातरी गावात असतंच की," पुंजाराम म्हणाले, आणि चप्पल घालायला खाली बसले.

परतताना अंगद वैतागला होता. "दादा, गावात सांगून टाका, सर म्हनाले खोटं हाय म्हनून. कागद यिल नंतर. कोन जातंय विचारायला? त्यांनी एवढं रचलं, आपन एक वाक्य रचू."

पुंजाराम काचेतून बाहेर बघत राहिले. त्यांना वेगळंच काही कुरतडत होतं. मग गढी पडली कशी, हा सरांचा प्रश्न त्यांना आठवला होता. आज्यानं का सांगितलं नसेल? आजा तरी कुठं होता तिथं? त्याला त्याच्या आज्यानं सांगितलं असणार. त्या सगळ्या आज्यांतल्या एखाद्यानं, घराला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून, गोष्ट फिरवली नसेल कशावरून? दार आतून उघडलं हे तर कागदात आहे. आत कासोळे होते हे ते स्वतः दरवर्षी ओरडून सांगत आले होते. आयुष्यभर जे नाव त्यांनी दाराआडून उच्चारलं ते मानानं उच्चारलं की कबुलीनं, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. पुस्तकानं मान नेला त्याचं दुःख होतंच, पण पुस्तकानं आजाही नेला, हे त्यांना टेम्पोत बसल्याबसल्या कळत गेलं, आणि ते अंगदला सांगता येईना.

बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "सर म्हनले, त्यास्नी ठाऊक न्हाई."

"आन् तुमाला?" कुणीतरी विचारलं.

"मलाबी न्हाई," पुंजाराम म्हणाले आणि खाली बसले.

अंगद तिथून उठून गेला. मंदिरात कुणी हसलं नाही, सहादेवही नाही. त्यांनी नुसतं खोटं आहे म्हटलं असतं तर अर्ध्या गावानं ते मानलं असतं. गाव तेवढं दुष्ट नव्हतं. पण ठाऊक नाही म्हटल्यावर कुणाला काही करता येईना. शेवटी गोरक्षानं तोड काढली, आणि ती सगळ्यांना बरी वाटली. यंदा दार आदल्या दिवशीच उघडून ठेवायचं. म्हणजे कुणी उघडायचा प्रश्न नाही आणि कुणाचा मान काढला असंही नाही.

उघडलं कुणी, ते पुंजारामांनी विचारलं नाही.

यात्रेच्या पहाटे ते अंगणात बसून होते. धोतर धुतलेलं, पटका बांधलेला. सवयीनं बांधला गेला होता. हलगी देवळापासून निघाली, वेशीवर आली, टेकाड चढायला लागली. दारापाशी हलगी थांबते त्या जागेची त्यांचे कान वाट बघत होते. हलगी थांबली नाही. तशीच वाजत आत गेली आणि टेकाडापलीकडं बारीक होत गेली. बनुबाईनं चहा आणून ठेवला. तो निवला, साय धरली.

"पटका काढा आता," ती म्हणाली.

पुस्तक देव्हाऱ्यात नव्हतं. तिनं ते जुन्या लुगड्यात गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवलं होतं. अक्षर आहे, टाकता येत नाही.

यात्रा संपली. दुकानं उठली, पाळणा उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि टेकाडावरून आवाज यायला लागला. दार आपटत होतं. वर्षानुवर्षं आगळीत राहिलेलं दार मोकळं पडलं होतं, वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी खुंटावर आदळत होतं. लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. उघडायचं कुणी यावर इतक्या बैठका झाल्या, लावायचं कुणी हा विषय निघालाच नव्हता. आवाज सगळ्या गावाला ऐकू जात होता. पारावरची माणसं वर बघायची आणि पुन्हा खाली. जाऊन लावायला कुणाचेही पाय उचलले असते, पण हात कुणाचा उचलला नसता. दाराला दुसऱ्याचा हात लागत नाही, हे आवाज सुरू झाल्यावर सगळ्यांना आठवलं होतं.

बऱ्याच वेळानं गोरक्ष पुंजारामांच्या अंगणात आला. उभाच राहिला. वाऱ्याचं बोलला, धुळीचं बोलला. "फळी निघंल दाराची," म्हणाला.

पुंजारामांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि चालू लागले. बनुबाई ओट्यावरून म्हणाली, "मानाच्या येळंला न्हाई आठवले. आता कशाला जाताय?" त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि टेकाडाची वाट धरली. गोरक्ष चार पावलं मागं ठेवून येत राहिला.

वर वारा अंग ढकलत होता. पुंजाराम दारातून आत गेले, खांदा लावून दार लोटलं. ते जड होतं, दोनदा हातातून सुटलं. गोरक्ष बाहेर होता, त्यानं मदतीला हात पुढं केला आणि दाराला न लावता तसाच मागं घेतला. तिसऱ्या खेपेला दार बसलं. पुंजारामांनी आगळ उचलून खाचेत सरकवली, तळवा त्या गुळगुळीत खळग्यात टेकला. आवाज थांबला. खाली गावातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू यायला लागलं.

मग बाहेरून गोरक्षाचा आवाज आला. यात्रेतला नव्हे, घोगरा, खालच्या पट्टीतला. "कोन आत?"

पुंजाराम आगळीवर हात ठेवून उभे राहिले.

"बापू," गोरक्ष म्हणाला, आणि जरा थांबून पुन्हा, "कोन आत?"

नाव ओठांपर्यंत आलं असेल, नसेल. ते वळले, काठी टेकत, जिथं कधीकाळी भिंत होती तिथून शेळ्यांच्या वाटेनं दाराला वळसा घालून बाहेर आले आणि गोरक्षाच्या बाजूनं टेकाड उतरायला लागले. गोरक्ष बंद दाराकडं तोंड करून अजून उभा होता.